पावसात धुरकट काच, १८ वरचा एसी आणि घोडबंदरला खरखरणारा रेडिओ

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी पहिल्यांदाच ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलची, म्हणजे आपण आकडा लावला की गारवा आणि पंखा स्वतः सांभाळणारी गाडी घेतलीय आणि रोज नवी मुंबईतल्या महाप्यापर्यंत स्वतः चालवत जातात. तक्रारी तीन आहेत. पावसात समोरची काच धुरकट होते; नवरा म्हणतो एसी बंद कर, सासरे म्हणतात काचा खाली घे. एरवी १८ वर ठेवूनही गाडी लवकर गार होत नाही, आणि एकदा झाली की मागे बसलेल्या सासूबाईंचे गुडघे धरतात. शिवाय एफएम घराजवळ आणि विटाव्यापासून पुढे खरखरतं. शोरूमला गाडी परत दाखवावी का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, शोरूमला जायच्या आधी हे वाचा. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून यंत्रणा धडधाकट वाटते. मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं काम करतो, आणि पहिला जोरदार पाऊस पडला की हेच प्रश्न घेऊन लोक येतात. गाडी ताब्यात देताना सगळी बटणं एकदा भराभर दाखवली जातात. आपल्या हवेत त्यातलं कुठलं कधी लागतं, ते मात्र राहून जातं. आपली हवा खाडीकाठची, दमट. ठाणे-नवी मुंबईत गाडीच्या एसीला गारवा द्यायचा असतोच, पण हवेतलं पाणी काढून टाकणं हेही त्याचं तेवढंच मोठं काम आहे. हे दुसरं काम ध्यानात ठेवलं की तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारींचं उत्तर त्यात सापडतं.

आधी तो १८ चा आकडा. पडद्यावर दिसतं ते जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान नव्हे; केबिन शेवटी किती अंशांवर आणून ठेवायची, ते आपण तिथे सांगतो. गाडी उन्हात तापलेली असेल तर २४ लावा नाहीतर १८, सुरुवातीला कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, पूर्ण ताकदीनेच चालतो आणि जाळीतून तितकीच गार हवा येते. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते ती शून्याच्या खाली जाऊ देत नाहीत, कारण तिच्यावर बर्फ धरला तर हवाच अडते. म्हणजे गारव्याला एक तळ आहे आणि १८ लावून तो आणखी खोल जात नाही. फरक पडतो तो पुढे. २४ वर गाडी पोचली की यंत्रणा हात आखडता घेते. १८ ला ती थांबतच नाही, पंखाही जोरात राहतो. सासूबाईंचे गुडघे तिथे धरतात.

म्हणून ‘ऑटो’चं बटण दाबा, २४ किंवा २५ लावा आणि मग हात लावू नका. पहिली पाच-सात मिनिटं पंखा मोठ्याने वाजेल. बहुतेक जण तिथेच आवाज नको म्हणून पंखा कमी करतात, ‘ऑटो’चा दिवा विझतो आणि पुढे सगळं हाताने चालवत बसतात. तो आवाज होऊ द्या, केबिन उतरली की पंखा आपणहून मंदावतो. फार थंड किंवा गरम वाटलं तर आकडा एका अंशाने हलवा, पंख्याला हात लावू नका.

ऑटो नीट चालायचं तर त्याचे सेन्सर उघडे हवेत. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला, काचेच्या जवळ, बटणाएवढा एक काळा फुगवटा असतो. ऊन किती पडतंय ते तो मोजतो. आपल्याकडे गणपतीची मूर्ती हमखास त्यावरच चिकटवलेली असते, नाहीतर डॅशबोर्डवर मखमली कापड पसरलेलं असतं. मग भर दुपारी गाडीला वाटतं सावली आहे आणि ती कमी गार करते. मूर्ती चार बोटं बाजूला घ्या. दुसरा सेन्सर स्टिअरिंगच्या आसपास किंवा मधल्या पॅनेलवर एका बारीक जाळीमागे असतो, तो केबिनची हवा ओढून तिचं तापमान बघतो. त्या जाळीवर मोबाइलचा होल्डर अडकवू नका. एसी कधी गार करतो कधी नाही म्हणून आलेल्या गाडीत गॅसचं मीटर लावण्याआधी मी या दोन जागा बघतो.

ज्यांच्या गाडीत साधा निळा-लाल नॉब आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. तो नॉब लालकडे फिरवला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचं काम फारसं कमी होत नाही. आत एक झडप सरकते आणि गार हवेत इंजिनच्या गरम पाण्यावरून आलेली हवा मिसळली जाते. त्यामुळे तिथे नॉब पूर्ण निळ्यावर ठेवून पंखा कमी-जास्त करणं सोयीचं पडतं. पावसाळ्यात मात्र हीच मिसळलेली हवा उपयोगी येते, त्याकडे येतोच.

सासूबाईंसाठी मधल्या जाळ्या छताकडे वळवा. गार हवा जड असते, ती वरून पसरत खाली येते आणि झोत कुणाच्या अंगावर बसत नाही. मागच्या सीटसाठी वेगळ्या जाळ्या असतील तर त्या पूर्ण बंद न करता काचेकडे तिरक्या करा. पायाकडे हवा सोडायचं चिन्ह एसीसोबत टाळलेलं बरं. तुमच्या पॅनेलवर ‘ड्युअल’ किंवा ‘सिंक’ असं बटण असेल, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळे आकडे लावता येत असतील, तर एकदा तपासा. डावीकडचा आकडा वेगळाच अडकून राहिलेला असतो आणि आपल्याला वाटतं एसी एका बाजूनेच चालतो.

महाप्याला कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी बाहेरच्या हवेपेक्षा खूपच तापलेली असते. दार उघडून लगेच काचा बंद करून एसी लावला तर तो आधी ती कोंडलेली भट्टी गार करत बसतो. चारही काचा खाली घ्या, पंखा जोरात, हवा बाहेरची, आणि फाटकापर्यंत तशीच चालवा. ती हवा निघून गेली की काचा वर, हवा आतली, ऑटो चालू. बऱ्याच गाड्यांत किल्लीवरचं अनलॉकचं बटण दाबून धरलं की काचा लांबूनच खाली येतात. तुमच्या गाडीत करून बघा. उभ्या गाडीत समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावायची सवय ठेवा, स्टिअरिंग हात भाजण्याइतकं तापत नाही. काळ्या फिल्मच्या भानगडीत पडू नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यापासून पोलीस काच बघतातच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं बटण: हवा आतली की बाहेरची. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण म्हणजे आतलीच हवा फिरतेय. बाहेरून आत शिरणारा बाण म्हणजे बाहेरची हवा येतेय. तुमच्या रस्त्यावर याचा वापर रोज करावा लागतो. घोडबंदरवर पुढे ट्रेलर असेल, माजिवड्याला धूळ उडत असेल, रबाळे-महापे पट्ट्यात कारखान्यांचा उग्र वास येत असेल, तेव्हा बाण गोल करा. आतली गार झालेली हवा पुन्हा गार करायची असल्याने एसीवरचा भारही कमी पडतो. पण तासन्‌तास तसंच ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साचत जातो. जांभया येतात, डोकं जड होतं, आणि दोष जातो ऑफिसच्या कामाला. अर्ध्या तासाने दोन-चार मिनिटं बाहेरची हवा घ्या. ऐरोली पुलावर वाहतूक मोकळी असेल तर ती जागा चांगली आहे. लांबच्या प्रवासात, पुण्याला जाताना वगैरे, हे पाळाच. गाडी चालवणाऱ्याची झोप आणि हे बटण यांचा थेट संबंध आहे.

आता पाऊस. काच कुठल्या बाजूने धुरकटलीय हे पहिल्यांदा ओळखा. आतून बोट फिरवा, रेघ उमटली तर वाफ आत आहे. नाही उमटली तर वायपर एकदा मारा. साफ झाली तर वाफ बाहेर आहे. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, आणि तुमच्या घरातला वाद त्यामुळेच मिटत नाही. नवऱ्याने एसी बंद केला तेव्हा काच बाहेरून धरली असणार आणि ती खरंच सुटली असणार. सासऱ्यांनी कधीतरी आतून धरलेली काच काचा खाली घेऊन सोडवली असणार. दोघांनीही स्वतः अनुभवलेलंच सांगितलंय.

आतून धरते तेव्हा कारण असतं आपला श्वास, ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे मॅट. बाहेरच्या पावसाने काच गार झालेली असते आणि आतली वाफ तिच्यावर जमते. समोरच्या काचेचं चिन्ह, म्हणजे पंख्यासारखी काच आणि वर जाणारे नागमोडी बाण, ते बटण दाबा. बहुतेक गाड्यांत ते एकटंच तीन कामं करतं: सगळी हवा काचेवर सोडतं, कॉम्प्रेसर चालू करतं, हवा बाहेरची करतं. काही गाड्यांत एसीचा दिवा लागत नाही पण कॉम्प्रेसर चालतच असतो. तुमच्या गाडीत यातलं काही आपोआप होत नसेल तर हाताने करा. एसी चालू असणं ही यातली मुख्य गोष्ट. ओली हवा थंड कॉइलवरून गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर उतरतं आणि नळीतून गाडीखाली टपकतं. एसी चालू असताना गाडीखाली पाणी दिसलं की लोक घाबरून फोन करतात. ते पाणी दिसायलाच हवं. तेच पाणी डावीकडच्या मॅटखाली यायला लागलं तर नळी तुंबलीय, ती साफ करून घ्या.

इथे परदेशी व्हिडिओंचा एक सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. ते म्हणतात फक्त बाहेरची हवा घ्या, काच सुटेल. थंड देशांत हिवाळ्याची बाहेरची हवा कोरडी असते, तिथे ते चालतं. आपल्या जुलैत बाहेरची हवा पाण्याने भरलेली. एसी बंद ठेवून ती आत घेतली तर तुम्ही आणखी वाफच आत आणताय.

आणि गारठा वाटला म्हणून एसी बंद करू नका, आकडा वाढवा. २६ लावा, २७ लावा, एसीचा दिवा चालू राहू द्या. एसी आणि हीटर एकाच वेळी चालतात हे अनेकांना माहीतच नसतं. कॉइल हवा कोरडी करते, मग तीच हवा इंजिनच्या गरम पाण्यावरून जाऊन कोमट होते, आणि अंगाला सुखाची पण काच साफ ठेवणारी हवा येते. पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाडीत हीटरची उष्णता इंजिनची वाया जाणारीच असते, तिच्यासाठी वेगळं इंधन लागत नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र ती बॅटरीतून जाते. एसी पावसात मध्येच बंद केला की काय होतं तेही सांगतो. कॉइल तेव्हा ओलीचिंब असते. कॉम्प्रेसर थांबला की पंख्याची हवा तिच्यावरचं सगळं पाणी उचलून पुन्हा केबिनमध्ये आणते आणि काही क्षणांत पूर्ण काच पांढरी होते. ऐन कापूरबावडीच्या पुलावर हे झालं तर पुढचं काहीच दिसत नाही. एसी लावायचा-बंद करायचा हा खेळ पावसात अजिबात नको.

बाहेरून धरते ती गोष्ट वेगळी. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे काच त्याहून गार झाली की तिच्या बाहेरच्या बाजूला वाफ जमणारच. तुम्ही १८ वर ठेवून हवा काचेवर सोडत असाल तर काच तुम्हीच गार करताय. डॅशबोर्डच्या बाजूने खालून वर चढणारा धुरकट पट्टा ही त्याची खूण. वायपर मारा, आकडा २५-२६ करा, हवा काचेवरून काढून समोरच्या जाळ्यांवर घ्या. अशा वेळी समोरच्या काचेचं बटण दाबून थंड हवेचा मारा केला तर पट्टा वाढतच जातो. आकडा मुळात चढा ठेवलात तर ही बाहेरची तक्रार बरीचशी येतच नाही.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे काच आतून पुसणं. डॅशबोर्डला लावलेलं पॉलिश उन्हाने उडून काचेवर तेलकट थर धरतो आणि वाफ त्याला लवकर चिकटते. सर्व्हिसिंगमध्ये बाहेरची काच चकचकीत करतात, आतून फडकं कुणी फिरवत नाही. काचेचं द्रावण आणि मायक्रोफायबरचा कपडा, पंधरवड्यातून एकदा. मागच्या काचेवर ज्या आडव्या रेघा आहेत त्या विजेने तापणाऱ्या तारा आहेत; त्याचं बटण वेगळं असतं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. त्या काचेवरचं स्टिकर ब्लेडने खरवडू नका. एक रेघ तुटली की तेवढा पट्टा कायमचा धुरकट राहतो.

विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की मात्र एसी बंद करायचाच. एसी चालू असताना बंपरमागचा पंखा फिरत असतो. पाणी त्याच्यापर्यंत चढलं तर पाती पाण्यावर आपटतात, पंखा तुटतो किंवा पाणी इंजिनवर उडवतो. पाणी पार केलं की लगेच चालू करा. आणि पाणी बंपरपर्यंत दिसत असेल तर त्यात गाडी घालूच नका, मुलुंडकडून ऐरोली पुलाने जा.

वासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या पावसाळ्यानंतर विचाराल. आंबट, ओल्या पोत्यासारखा वास येतो तो कॉइलवर धरलेल्या बुरशीचा. पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल सुकते. हे कोरड्या दिवसांत करा. पावसात केलंत तर वर सांगितलं तशी काच पांढरी होईल. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि साधारण १० ते १५ हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. घोडबंदरच्या धुळीत तो त्याच्या आधीच भरतो. काढून बघा, काळा झाला असेल तर बदला. पंखा जोरात वाजतो पण हवा कमी येते, याचं पहिलं कारण तोच असतो. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे यंत्रणेतलं तेल फिरतं आणि सील कोरडे पडत नाहीत.

गॅसबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे लोकांचे पैसे जातात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए आणि काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो, आणि तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. ‘टॉपअप करून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा: गळती कशी शोधणार, नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम किती वेळ लावणार, गॅस वजनावर भरणार का? बॉनेटखाली एक चिठ्ठी असते, तिच्यावर गॅसचा प्रकार आणि तो किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी एसी कमी गार करतो. गाडी पळत असताना गार आणि सिग्नलला गरम असेल तर आधी पुढचा पंखा आणि चिखलाने भरलेला कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी, बघायला सांगा. सुरुवातीला गार आणि अर्ध्या तासाने जाळीतून हवाच येईनाशी झाली तर कॉइलवर बर्फ धरतोय. या दोन खुणा मेकॅनिकला नेमक्या शब्दांत सांगितल्या तर त्याचं निम्मं काम होतं.

एक गोष्ट प्रत्येकाला हात जोडून सांगतो. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नका, बंदिस्त पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. सायलेन्सर कुठे फुटलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि पाच मिनिटांचं काम आहे म्हणून लेकराला बंद गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. एसी चालू असला तरी नाही.

आता रेडिओ. खरखर ऐकू आली की आधी एक परीक्षा करा. जिथे खरखरतं तिथे गाडी बाजूला थांबवा आणि चार्जरच्या सॉकेटमधून सगळं काढा: मोबाइलचा चार्जर, डॅशकॅमची (समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) वायर, हवा शुद्ध करायचं यंत्र असेल तर तेही. आवाज साफ झाला तर दोषी सापडला. स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम एफएमच्या पट्ट्यातच विजेचा गोंगाट सोडतात. डॅशकॅमची वायर समोरच्या काचेच्या कडेने वर गेलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत अँटेनाची केबलही त्याच खांबातून उतरते. वायर दुसऱ्या बाजूने फिरवली किंवा चांगला चार्जर घेतला की काम होतं. बाहेरून बसवलेले एलईडी दिवेही हेच करतात. हेडलाइट लावल्यावर खरखर वाढते का बघा.

चार्जर निर्दोष निघाला तर कारण तुमच्या रस्त्याच्या भूगोलात आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगराला वळसा घालून फारशी येत नाही. कासारवडवली आणि मुंबई यांच्या मध्ये येऊरचे, नॅशनल पार्कचे डोंगर उभे आहेत. मुंबईतून निघालेली लहर त्यांच्या सावलीत क्षीण होऊन पोचते, त्यात तुमच्याभोवती उंच टॉवर. त्यांच्यावर आपटून तीच लहर दोन-तीन वाटांनी येते आणि त्या एकमेकींना खोडतात. म्हणून सिग्नलला थांबल्यावर स्टेशन फसफसतं आणि गाडी जरा पुढे सरकली की साफ होतं. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते, त्यामुळे मीटर-दीड मीटर सरकल्यानेही फरक पडतो. विटाव्यापुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला एका बाजूने पारसिकचा डोंगर त्याच लहरी परत फेकतो, आणि महाप्याहून शिळफाट्याकडे डोंगरापलीकडे गेलात तर आवाज आणखी बसतो. रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा रस्त्याला लागूनच आहेत, पण त्यांचा त्रास एफएमपेक्षा मध्यम लहरीला (सेटवरच्या ‘एएम’ला) जास्त. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लावून रुळाजवळून गेलात तर तो फरक लगेच कळेल, अर्थात तुमच्या सेटमध्ये मध्यम लहर असेल तर.

भूगोल बदलता येत नाही, पण अँटेना तपासता येतो. छतावरची काडी असेल तर ती शेवटपर्यंत आवळलेली आहे का बघा. गाडी धुताना काढतात आणि अर्धवट बसवतात, किंवा मॉलच्या कमी उंचीच्या पार्किंगसाठी आपणच काढून डिकीत टाकतो. माशाच्या कल्ल्यासारखा अँटेना दिसायला छान, पण लांब काडीइतकं ओढत नाही. अँटेना मागच्या काचेत असेल तर तिथे धातू असलेली फिल्म किंवा मोठं स्टिकर नको. सेटिंगमध्ये ‘मोनो’ सापडलं तर घोडबंदरला ते चालू करा. दुबळ्या लहरीवर स्टिरिओपेक्षा मोनोत फसफस बरीच कमी होते. ‘लोकल’ नावाचं सेटिंग चालू असेल तर शोध घेताना सेट दुबळी स्टेशनं ओलांडून जातो, ते बंद ठेवा.

बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये एक वेगळीच गंमत दिसते. त्याच्या सेटिंगमध्ये विभाग (रीजन) अमेरिका असा राहिला असेल तर तो ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो आणि १०७.१, १००.७, ९८.३ लागतात, पण विविध भारतीचं १०२.८ काही केल्या लागत नाही. विभाग भारत, आशिया किंवा युरोप करा, लागेल.

स्टेशनं घरून निघायच्या आधी साठवा. ज्या क्रमाने तुम्ही ऐकता त्या क्रमाने, पहिल्या चार जागांत. आकाशवाणीचं रेनबो १०७.१, गोल्ड १००.७, विविध भारती १०२.८ आणि तुमच्या आवडीचं एक खासगी. बटण दाबून धरलं की साठतं. मग रस्त्यात पडद्याकडे बघायचं कारण उरत नाही, स्टिअरिंगवरच्या बटणाने अंगठ्यानेच बदलता येतं. मोबाइल जोडणं, यादी शोधणं, आवाजाचं सेटिंग, हे सगळं उभ्या गाडीत. माझ्याकडे बंपर ठोकून येणाऱ्या गाड्यांत पडद्यावर बोट फिरवत असताना झालेले अपघात आता नेहमीचे झालेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बातम्या आणि बोलणं जास्त ऐकत असाल तर बेस दोन घर कमी करा, शब्द स्पष्ट येतात. वेगाप्रमाणे आवाज वाढवायची सोय असते ती मध्यमवर ठेवा. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला पाहिजे.

मुसळधार पावसात मोबाइलचं नेटवर्क मंदावतं तेव्हा कुठला पूल बंद, कुठली गाडी अडकली हे रेडिओवर कळतं. त्यासाठी ब्लूटूथवरून रेडिओवर एका बटणात कसं यायचं ते आधीच हाताला बसवून ठेवा.

इंजिन बंद असताना रेडिओ अर्धा तास चालला तर चांगली बॅटरी तक्रार करत नाही, पण पंखाही चालू ठेवलात तर ती लवकर उतरेल, आणि इंजिन बंद असताना तो पंखा गार हवा देतच नाही. बॅटरी बदलायची वेळ आली तर आधी गाडीच्या कागदपत्रांत रेडिओच्या कोडचं कार्ड आहे का शोधा. काही सेट बॅटरी काढल्यावर कोड मागतात, आणि साठवलेली स्टेशनं पुसली जातात, म्हणून पडद्याचा एक फोटो काढून ठेवा. शोरूमला जायचंच झालं तर आठवडाभर ऑटोवर २४-२५ ठेवून चालवा, चार्जर काढून रेडिओ ऐका, आणि तरीही जे उरेल तेवढंच एका कागदावर लिहून न्या: कुठे, किती वाजता, पाऊस होता की ऊन.